जुनी म्युझिक सिस्टीम, थोडे पैसे: घालायचे कुठं?

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही जुन्या घराच्या बैठकीच्या खोलीत बघा, शोकेसमध्ये एक मशीन असतेच. कुणाकडं कोलकात्याच्या सोनोडाइनचा सेट, कुणाकडं मुंबईच्या नॉर्जचा किंवा कॉस्मिकचा अँप्लिफायर, कुणाकडं आखातातल्या नोकरीवरून परतलेल्या काकांनी आणलेली जपानी सिस्टीम. एकेकाळी तिच्यावर सकाळी अभंग आणि वचनं, रात्री नाट्यसंगीत लागायचं. आता डावा स्पीकर बॉक्स मधूनच गप्प होतो, आवाज वाढवला की खरखर येते, आणि घरातली पोरं म्हणतात, "हे भंगारात घालूया काय? एक ब्लूटूथ साऊंडबार आणूया."

बहुतेक वेळा भंगारात घालायची गरज नसते. मात्र कुठला भाग ठेवायचा, कुठला दुरुस्त करायचा आणि कुठला बदलायचा हे कळायला आवाज कुठं बिघडतो ते आधी समजून घ्यावं लागतं.

म्युझिक सिस्टीममध्ये दोन तऱ्हेची कामं चालतात. पहिलं, हालचालीची वीज करणं किंवा विजेची हालचाल करणं. रेकॉर्डच्या खाचेतली सुई हलते आणि वीज तयार होते. स्पीकरच्या कॉइलमध्ये वीज जाते आणि कागदाचा कोन हलतो. दुसरं काम म्हणजे तयार झालेली वीज वाढवणं आणि इकडून तिकडं नेणं. ते अँप्लिफायर आणि वायरी करतात. हे दुसरं काम आज फार स्वस्तात आणि फार चांगलं होतं. साधा, धडधाकट अँप्लिफायर मूळ आवाजात ०.१ टक्क्यापेक्षा कमी भेसळ करतो. स्पीकर मात्र खालच्या सुरांत जरा जोर लावला की १ टक्क्याच्या पुढं सहज जातो. अँप्लिफायर सगळ्या सुरांना जवळपास सारखं वागवतो; स्पीकरनं ३ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) वर-खाली एवढ्यात निभावलं तरी त्याला चांगला म्हणतात. आणि झिजतात, कुजतात, सैल पडतात तेही हलणारेच भाग. म्हणून माझा नियम सोपा आहे: जिथं काही हलतं तिथं पैसे घाला, जिथं नुसती वीज वाहते तिथं हात आखडता घ्या.

पण आधी फुकटातली कामं.

बॉक्सच्या मागं लाल आणि काळी अशी दोन टोकं असतात. एका बॉक्सची वायर उलटी जोडली गेली असेल तर एक कोन पुढं येताना दुसरा मागं जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. घर रंगवताना वायरी काढल्या आणि घाईत परत लावल्या अशा घरांत हे हमखास सापडतं. तपासायला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. बॉक्सच्या वायरी अँप्लिफायरपासून सोडवा, लाल वायरीला सेलचं अधिक टोक आणि काळीला उणे टोक क्षणभर टेकवा आणि मोठ्या कोनाकडं बघा. दोन्ही बॉक्सचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. नाही हलले तर एका बॉक्सच्या वायरी उलटवा. अनेकांना हव्या असलेल्या 'बास'चं काम इथंच होऊन जातं.

दुसरं फुकटचं काम म्हणजे जागा. आपल्याकडं बॉक्स कपाटाच्या डोक्यावर, माळ्याच्या कडेला किंवा शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतात. छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन बॉक्समध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर त्यांच्यापासून तुमच्या खुर्चीपर्यंत. बॉक्स भिंतीजवळ नेला की खालचे सूर फुगतात, कोपऱ्यात नेला की आणखी फुगतात आणि तबल्याचा डग्गा नुसता घुमायला लागतो. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट पुढं काढून बघा.

खोलीचं म्हणाल, तर चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि खाली फरशी असली की आवाज इकडून तिकडं आपटत राहतो. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असं शेपूट आलं तर समजा, की कितीही महाग मशीन आणली तरी ते शेपूट प्रत्येक सुराला लागणार. फरशीवर जाड सतरंजी, एका भिंतीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, गाद्या आणि तक्के. कौलारू घरात माळा नसेल तर वरून आपटणारा आवाज बराच कमी असतो. जून-जुलैत कौलांवर पाऊस कोसळताना काय ऐकायचं, हा प्रश्न मात्र कुठल्याच मशीननं सोडवलेला नाही.

आता बॉक्सची जाळी काढा. मोठ्या कोनाच्या कडेला जी लवचीक पट्टी असते ती कशाची आहे ते बघा. रबराची असेल तर ती बहुतेक अजून ठीक असेल. मेण लावलेल्या कापडाची, चुण्या घातलेली असेल तर तिला मरण नाही. पण फोमची असेल तर बोट हळूच लावून बघा. पंधरा-वीस वर्षांत हा फोम आपोआप कुजतो, बॉक्स वाजवला नाही तरी कुजतो, आणि दमट हवेत लवकर कुजतो. खानापूर, कणकुंबी, जांबोटी या बाजूच्या पावसात त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. बोट लावताच काळा भुगा पडला, तर तुमच्या खरखरीचं आणि गेलेल्या 'बास'चं कारण सापडलं. कोन, कॉइल, चुंबक सगळं शाबूत असतं. गेलेली असते ती फक्त कडा.

ही कडा बदलता येते. आपल्या भागात स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांना तोटा नाही. गणपती, जत्रा, भजनी मंडळं, लग्नं यांच्या साऊंडवाल्यांमुळं बेळगावात आणि तालुक्याच्या गावांतही कॉइल भरून देणारे, कोन बदलून देणारे कारागीर आहेत. पण त्यांचा हात मंडपातल्या स्पीकरवर बसलेला असतो, आणि अडचण तिथंच येते. "पूर्ण कोनच बदलून देतो, नवा होईल," असं ते मोकळ्या मनानं सांगतात आणि मंडपी स्पीकरचा कडक कोन चढवतात. मंडपातला स्पीकर कमी विजेत जास्त गलका करायला बनवलेला असतो. त्याची कडा ताठ, आणि फार खाली उतरायचं त्याचं काम नसतं. घरातल्या छोट्या पेटीत तो कर्कश वाजतो. म्हणून स्पष्ट सांगा: कोन आणि कॉइल आहे तीच ठेवा, फक्त फोमची कडा बदला. कोनाचा आणि बाहेरच्या सांगाड्याचा व्यास मोजून त्या मापाची कडा ऑनलाइन मागवून सोबत नेलीत तर उत्तम. दोन्ही बॉक्सचं काम एकदमच करून घ्या, आणि शक्य असेल तर दिवाळीनंतर न्या. गणपतीच्या आधी या दुकानांत कुणालाच तुमच्याकडं बघायला वेळ नसतो.

स्पीकर आणि त्याची पेटी हे जोडपं असतं, हेही इथंच सांगून टाकतो. कोनाचा ताठपणा, वजन, चुंबकाची ताकद यांवरून पेटी किती लिटरची हवी ते ठरतं. याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं. तेव्हापासून चांगल्या स्पीकरसोबत 'थील-स्मॉल' आकड्यांचा कागद येतो. असा कागद नसलेला कुठलाही आठ इंची स्पीकर आणून जुन्या पेटीत ठोकणं म्हणजे नशिबाची परीक्षा. शहापूर-वडगावातल्या सुतारांचा हात कितीही साफ असला तरी त्यांनी बांधलेल्या पेटीलाही हेच लागू आहे.

मशीनचं, म्हणजे अँप्लिफायरचं काय?

अँप्लिफायरमध्ये म्हातारे होणारे भाग मोजके. आवाजाचं बटण फिरवताना 'खर्र खर्र' येते ती आत साचलेल्या धुळीची आणि काळ्या पडलेल्या पट्टीची. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. बटणाच्या आत फवारून पाच-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की बहुतेक वेळा काम होतं. कुलपाला मारायचं तेल इथं मारू नका. डावा बॉक्स मधूनच बंद पडतो तोही पुष्कळदा सिलेक्टरच्या (टेप, रेडिओ निवडायच्या) स्विचमुळं किंवा आतल्या रिलेमुळं, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचमुळं. दुसरा म्हातारा भाग म्हणजे फिल्टरचे मोठे कपॅसिटर. त्यांच्या आतला ओलावा वर्षानुवर्षं उडत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून बंद शोकेसमध्ये कोंडलेली मशीन लवकर थकते. आवाज शून्यावर असतानाही दोन्ही बॉक्समधून 'हूंऽऽ' येत असेल तर संशय या कपॅसिटरवर घ्या. आवाज वाढवल्यावरच ती गुणगुण वाढत असेल तर दोष आधीच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये शोधा. कपॅसिटर बदलणं कारागिराचं काम आहे. प्लग काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते, घरी झाकण उघडून बोटं घालू नयेत.

एक मोजमाप मात्र मल्टीमीटर असेल तर घरी करता येतं. बॉक्सच्या वायरी सोडवा, गाणं लावू नका, मशीन पाच मिनिटं चालू ठेवा आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. १०० च्या वर गेलं तर बॉक्स जोडायच्या आधी मशीन दुरुस्तीला न्या, नाहीतर एक दिवस कॉइल जळते.

मशीन खरोखरच मेली असेल, तर नव्यासाठी फार पैसे लागत नाहीत. हल्लीचे क्लास डी प्रकारचे छोटे अँप्लिफायर वजनाला पुस्तकाएवढे असतात, कमी तापतात आणि घरापुरता आवाज आरामात देतात. खोक्यावरचे वॅट तेवढे जपून वाचा. त्यातले कित्येक आकडे १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली भेसळ, धरून आणि ४ ओहमच्या स्पीकरवर मोजलेले असतात. तरी ही फसवणूक ९० च्या दशकातल्या 'पीएमपीओ' नावाच्या फुगवलेल्या वॅटपेक्षा सौम्यच म्हणायची; तेव्हा हातात मावणाऱ्या टेपवर हजार वॅट लिहिलेले असायचे.

वॅटचं भूत एकदाचं उतरवायला हवं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. आवाज दुप्पट झालाय असं वाटायला वॅट दहापट लागतात. तुमची जुनी मशीन ४० वॅटची असेल आणि दुकानदार ६० वॅटची दाखवत असेल तर फरक १.८ डेसिबलही भरत नाही. बारा बाय दहाच्या खोलीत रात्री ऐकताना बहुतेक वेळ मशीन १ वॅटच्या आसपासच काम करत असते. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती मोठ्यानं वाजतो, ते बघा: ८६ डेसिबलच्या जागी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला की मशीनचे वॅट दुप्पट केल्यासारखंच झालं, तेही मशीनला हात न लावता.

मग नवे स्पीकर घ्यायचे तर कसले? आपण काय ऐकतो त्यावर ते ठरवा. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, गदगकडचे भीमसेन जोशी हे इथल्या घरांतले रोजचे आवाज. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्‌झवर येतो, आणि मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या आसपास. याचा अर्थ, ६० हर्ट्‌झपर्यंत नीट उतरणारा, पाच ते साडेसहा इंची कोनाचा छोटा बुकशेल्फ बॉक्स या गाण्याला पुरतो. सबवूफर नको. स्वस्त सबवूफरनं तंबोऱ्याचा भोपळा घुमतो आणि जवारी, म्हणजे तारेची झणझणती किणकिण, झाकली जाते. दुकानात ऐकायला गेलात तर दुकानदाराचं धाडधाड गाणं ऐकू नका. फक्त तंबोरा आणि आलाप असलेला तुकडा लावा. जवारीची किणकिण वेगळी, स्पष्ट, पण कानाला न टोचणारी आली पाहिजे, आणि दोन बॉक्सच्या मधोमध माणूस बसल्यासारखा वाटला पाहिजे. डोळे मिटून ऐका. बॉक्सची पॉलिश बघून मत बनतं, हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

समजा खिशात १५,००० रुपये आहेत. जुने बॉक्स दुरुस्त होण्यासारखे असतील तर कडा, क्लीनर, कपॅसिटर यांवर आधी खर्च करा आणि महिनाभर ऐका. पुष्कळांचा खर्च तिथंच थांबतो. बॉक्स मुळातच टाकाऊ असतील, म्हणजे पातळ पत्र्यासारख्या लाकडाचे, ट्वीटर नुसता शोभेचा, तर निम्म्याहून जास्त रक्कम स्पीकरवर घाला आणि मशीन जुनीच ठेवा. दुकानात तुम्हाला नेमकं उलटं सांगतील, कारण नव्या मशीनचे दिवे दिसतात.

वायरीवर मी फार बोलणार नाही. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घ्या. ५ मीटर लांबीची जोडी घेतली तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम; ८ ओहमच्या स्पीकरपुढं तो १ टक्काही नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर 'स्पीकर वायर' म्हणून विकतात, तिच्यापासून सावध राहा. तार चाकूनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या.

आता गाणं येतं कुठून, ते. हल्ली ते फोनमधूनच येतं. जुन्या मशीनला फोन जोडायला हजार-दोन हजारांत छोटा डॅक (फोनमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र) किंवा टाइप-सी ते हेडफोन असा जोड पुरतो. ब्लूटूथचा साधा कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत, सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत जातो, सीडीवर १,४११ किलोबिट असतात. तरी गप्पा मारता मारता ऐकायला ब्लूटूथ चालतं, मन लावून बसायचं असेल तर वायर जोडा. मशीनच्या मागं गोल, पाच पिनांचं सॉकेट असेल तर घाबरू नका, ते जुनं 'डिन' सॉकेट. दुरुस्तीवाला त्याची वायर करून देतो. आणि फोन कधीही 'फोनो' लिहिलेल्या जागी लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची. तिथं ५ मिलिव्होल्टच्या आसपासचा नाजूक सिग्नल अपेक्षित असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेले खालचे सूर तिथं परत वाढवले जातात. फोन लावलात तर घुमणारा, फाटलेला आवाज येईल आणि दोष बिचाऱ्या मशीनला लागेल. याच्याच उलट, हल्लीच्या बऱ्याच नव्या मशीनना 'फोनो' जागाच नसते. रेकॉर्ड प्लेअर असेल तर वेगळा फोनो प्रीअँप, म्हणजे तो नाजूक सिग्नल वाढवणारा छोटा डबा, धरून हिशेब करा.

कॅसेट डेकचं थोडक्यात. सूर डगमगत असेल तर आतला रबरी पट्टा ढिला झाला आहे किंवा वितळून चिकट झाला आहे. पट्टा स्वस्त, बसवायची मजुरी जास्त. टेप वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आकाशवाणीवरून टेप केलेल्या जुन्या मैफली असतील तर आधी त्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्या, डेकची हौस नंतर.

जुनं सामान विकत घ्यायला कोल्हापूर, हुबळी, गोवा, पुणे सगळीकडं जाता येतं. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बंगळूरचा एस. पी. रोड आहेतच. जाताना फोन, वायर आणि मल्टीमीटर सोबत न्या. ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर साधारण ६ ओहम दाखवतो, ४ ओहमच्यावर ३ ते साडेतीन; काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे. मशीनच्या मागं व्होल्टेज वाचा. खास जपानातल्या बाजारासाठी बनलेली मशीन १०० व्होल्टची असते, अमेरिकेतली १२० ची. आपल्या २३० वर थेट लावली तर पहिल्याच मिनिटाला धूर.

शेवटी, ज्यांच्या घरात आजोबांच्या काळातल्या नाट्यपदांच्या काळ्या, जड, पडल्या की फुटणाऱ्या रेकॉर्ड आहेत त्यांच्यासाठी. त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. भारतात १९६० च्या दशकातही त्या निघत होत्या, म्हणून इथल्या पुष्कळ माळ्यांवर त्या अजून सापडतात. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ची खाच तिच्या मानानं फार रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई लावली की ती खाचेच्या तळाला घासत जाते, आवाजापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईही लवकर संपते. काही कार्ट्रिजना (सुई बसते तो छोटा भाग) ७८ ची सुई वेगळी मिळते, नुसती ओढून काढायची आणि बदलायची. रेकॉर्ड प्लेअर घेताना त्याला ७८ चा वेग आणि अशी सुई आहे काय, हे आधी विचारा. पावसाळ्यात या ७८ च्या रेकॉर्डवर बुरशी धरते. एलपीला चालणारं अल्कोहोल किंवा स्पिरिट यांना लावू नका, लाख त्यात विरघळते आणि गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड घ्या, खाचेच्या दिशेनं पुसा, मधला कागद भिजू देऊ नका आणि वाळल्यावर उभ्या ठेवा.